विचार थांबवायचा कधी? बुद्धिबळ इंजिनांचा जुना प्रश्न

बुद्धिबळाचं इंजिन किती खेळ्या पुढचं बघतं, हे सगळेच विचारतात. पण ते विचार करणं थांबवतं कधी? संशोधनाची तयारी करताना हा प्रश्न जरूर विचारा, कारण आपलंही घोडं बहुधा इथेच पेंड खातं.

ठरावीक खोलीपर्यंतच शोधायचं म्हटलं, तर सोप्या पटावर उत्तर झटकन येतं. गुंतागुंतीच्या पटावर मात्र घड्याळ संपत येतं आणि हातात खेळी नसते. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात डेव्हिड स्लेट आणि लॅरी अ‍ॅटकिन यांच्या 'चेस ४.५' या प्रोग्रामने पायरीपायरीची वाट धरली. आधी एका पायरीचा शोध पूर्ण करायचा, मग दोन, मग तीन. कुठेही थांबलात तरी मागच्या फेरीचं उत्तर तयार! तुम्ही म्हणाल, तेच तेच पुन्हा करण्यात वेळ वाया जात नाही का? उलट, मागच्या फेरीत सरस ठरलेली खेळी आधी तपासली की बऱ्याच निरुपयोगी फांद्या लवकर छाटल्या जातात. घड्याळासाठी केलेली सोय शोधालाही वेग देऊन गेली.

आता मे १९९७ मध्ये या. न्यूयॉर्कला कास्पारोव्हसमोर 'डीप ब्लू' आहे. पहिल्या ४० खेळ्यांना २ तास, म्हणजे खेळीमागे सरासरी ३ मिनिटं. त्याच्या निर्मात्यांनी २००२ मध्ये लिहिलेल्या शोधनिबंधात वेळेच्या दोन मर्यादा सांगितल्या आहेत. नेहमीची मर्यादा म्हणजे थोडा वेळ राखून, उरलेला वेळ भागिले उरलेल्या खेळ्या. दुसरी आणीबाणीची, उरलेल्या वेळेच्या साधारण एक तृतीयांश. पहिली मर्यादा आली आणि सगळं ठीक असलं, की खेळून मोकळं व्हायचं. पण उत्तम वाटणाऱ्या खेळीचं मूल्य अचानक घसरलं, तर यंत्र पुढे विचार करत राही.

नीट बघा. जास्त वेळ मिळतो तो प्रश्न अवघड आहे म्हणून नाही, हातातलं उत्तर डळमळलं म्हणून.

आपण काय करतो? विषय अवघड वाटला की महिनोन् महिने वाचतच राहतो, आणि कागद कोरा. त्याऐवजी पहिल्याच आठवड्यात कच्चं का होईना, पण पूर्ण उत्तर एका पानावर लिहा. दर फेरीच्या वाचनानंतर ते पान उघडा. काहीच बदललं नाही? मग थांबा, पुढे चला. उत्तर हललं? मग राखून ठेवलेला वेळ तिथेच खर्च करा.