टीओसीवाले राबिन आणि वर्दीतलं कॉलेज

बीटेकला टीओसी होतं त्यांनी एनएफएचा डीएफए करत वह्या भरल्या असतील. ही एनएफएची भानगड मायकेल राबिन आणि डेना स्कॉट यांच्या १९५९च्या पेपरातली. १९७६चं ट्युरिंग अवॉर्ड दोघांना मिळालं ते त्यासाठीच.

आजची गोष्ट मात्र त्याआधीची. १९४८च्या युद्धात राबिन इस्रायली सैन्यात भरती झाले होते. जेरुसलेममधले गणिताचे प्राध्यापक अब्राहम फ्रेंकेल (सेट थिअरीच्या झेडएफमधला एफ तो यांचाच) यांनी लष्कराकडे शब्द टाकला आणि १९४९मध्ये पोराला सोडवून युनिव्हर्सिटीत आणलं. शिकायचं तर वर्दी उतरवावी लागली.

मग ऑक्टोबर १९७३. इजिप्त आणि सीरियाने अचानक हल्ला केला, इस्रायलचे अडीच हजारांवर सैनिक गेले. त्या धक्क्यानंतर हिब्रू युनिव्हर्सिटीच्याच दोन प्राध्यापकांनी लष्करापुढे एक योजना मांडली. १९७९मध्ये ती ‘ताल्पिओत’ नावाने सुरू झाली. निवडक पोरं वर्दीतच तिथे फिजिक्स, गणित, कॉम्प्युटर सायन्स शिकतात. सेमिस्टर संपलं की सुट्टी नाही; पायदळ, नौदल, हवाई दल सगळीकडे फिरायचं आणि शेवटी अधिकारी व्हायचं.

मला यातलं फिरणं जास्त महत्त्वाचं वाटतं. जी यंत्रणा उद्या सुधारायची, ती वापरणाऱ्या जवानाशेजारी आधी बसायचं. आमच्या धंद्यात युजरला न बघताच वर्षानुवर्षं कोड लिहिणारे कमी नाहीत!

अर्थात किंमत आहे. अठराव्या वर्षी सही करायची: तीन वर्षं शिक्षण, पुढे किमान सहा वर्षं नोकरी.