कार्लाईल शाळेचा इ. स. १९१२ चा फुटबॉल हंगाम : कांहीं दंतकथांची छाननी

बखर आणि समकालीन कागद यांत विरोध आला तर कागदास मान द्यावा, हा दंडक आपल्या अभ्यासकांच्या अंगवळणीं पडलेला आहे. परंतु दोनतीनशें वर्षें उलटल्यावांचून बखर रचली जात नाहीं, अशी जी एक समजूत असते ती मात्र खरी नव्हे. तारायंत्र आणि दैनिक वर्तमानपत्रें असतांनाहि, प्रत्यक्ष पाहणारे हयात असतांनाच बखर कशी तयार होते, याचें ठळक उदाहरण अमेरिकेंतील कार्लाईल येथील शाळेच्या फुटबॉल संघाच्या इ. स. १९१२ च्या हंगामांत सांपडतें. विषय खेळाचा म्हणून वाचकांनीं तो हलका मानूं नये. ज्यांची भाषा आणि नांवेंहि काढून घेतलीं गेलीं, त्यांच्या पराक्रमाची नोंद कोणाच्या हातीं राहिली, असा हा प्रश्न आहे.

पेनसिल्व्हेनिया प्रांतांत कार्लाईल गांवच्या जुन्या लष्करी बराकींत रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्यानें १८७९ सालीं ही शाळा काढली. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या निरनिराळ्या जमातींतील मुलें घरापासून शेंकडों कोस दूर आणावीं, त्यांचे केस कापावे, नांवें बदलावीं, मातृभाषा बोलूं देऊं नये आणि त्यांस गोऱ्यांच्या रीतीचें करून सोडावें, हा तिचा उघड हेतु. १९१८ सालीं शाळा बंद झाली, तोंवर दहा हजारांच्या आसपास मुलें तींतून गेलीं. जीं तेथेंच मरण पावलीं, त्यांपैकीं कांहींचे अवशेष २०१७ पासून त्यांच्या जमातींकडे परत जाऊं लागले आहेत.

ही औद्योगिक शाळा होती, कॉलेज नव्हे. तरी तिचा संघ ग्लेन वॉर्नर या शिक्षकाच्या हाताखालीं नामांकित विद्यापीठांशीं झुंजत असे. तिकिटांचें उत्पन्न मोठें म्हणून मोठे सामने बहुधा परक्या मैदानावरच होत. फुटबॉल म्हणजे येथें आपल्याकडील पायचेंडूचा खेळ नव्हे, तर अंडाकृति चेंडू हातीं घेऊन प्रतिपक्षाची फळी फोडीत धांवण्याचा अमेरिकन खेळ समजावा. त्याचे नियम १९१२ सालींच बदलले : टचडाउनला पांचांऐवजीं सहा गुण झाले, आणि दहा यार्ड पुढें सरकण्यास तीनांऐवजीं चार संधि मिळूं लागल्या. टचडाउननंतरची लाथ साधली तर आणखी एक गुण. हा हिशेब ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

हंगामांत सामने १४. पैकीं १२ जिंकले, एक बरोबरीत सुटला, एक गमावला. एकूण गुण ५०४, विरुद्ध ११४. सिराक्यूजवर ३३-०, पिट्सबर्गवर ४५-८, टोरोंटोवर ४९-१ असे विजय मिळाले. ५ ऑक्टोबरला वॉशिंग्टन अँड जेफर्सन कॉलेजाशीं एकहि गुण न होतां बरोबरी झाली. १६ नोव्हेंबरला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून २६-३४ अशी हार खावी लागली. बाकीच्यांचा तपशील येथें देण्याचें कारण नाहीं.

बखर जमली ती ९ नोव्हेंबरच्या सामन्याभोंवतीं. त्या दिवशीं वेस्ट पॉइंट येथें लष्करी विद्यालयाच्या संघास कार्लाईलनें २७-६ असें हरविलें. वुंडेड नीच्या हत्याकांडास तेव्हां बावीस वर्षेंहि झालीं नव्हतीं, हें लक्षांत घेतां त्या सामन्याचा अर्थ उभयपक्षीं किती खोल असेल तें सांगावयास नको. लोकप्रिय कथा अशी : कर्णधार जिम थॉर्प हा ९२ यार्ड धांवला, सोबत्याच्या चुकीमुळें ती धांव रद्द झाली, तेव्हां लगेच पुन्हा ९७ यार्ड धांवून त्यानें टचडाउन केला. आतां सामन्यानंतर छापलेलें गुणपत्रक पाहावें. कार्लाईलचे टचडाउन चार. त्यांपैकीं तीन आर्कासाचे, एक बर्गीचा. थॉर्पच्या नांवावर तीन लाथा. चार सक चोवीस आणि तीन, मिळून सत्तावीस. हिशेब पुरा झाला. ९७ यार्डांच्या टचडाउनला त्यांत जागाच उरत नाहीं. थॉर्पची एक धांव दंडामुळें रद्द झाली, एवढेंच समकालीन वृत्तान्तांत आहे. बाकीचें रंगकाम मागाहूनचें.

तीच गत आयझेनहॉवरची. पुढें राष्ट्राध्यक्ष झालेला हा गृहस्थ त्या दिवशीं लष्करी संघांतून खेळला, हें खरें. पण थॉर्पला अडवितांना त्याचा गुडघा कायमचा गेला, ही कथा टिकत नाहीं. गुडघा दुखावला तो पुढील आठवड्यांत, टफ्ट्सविरुद्ध. थॉर्पच्या हंगामांतील टचडाउनांची संख्याहि २५, २७ व २९ अशी तीन प्रकारें सांगतात. मोजणी मागाहूनची, म्हणून ही तफावत.

येवढ्यावरून थॉर्पची योग्यता उणी होते असें मात्र कोणीं समजूं नये. त्याच वर्षीं स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्यें पेंटॅथलॉन व डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धा त्यानें जिंकल्या होत्या. १९०९ व १९१० सालीं त्यानें नॉर्थ कॅरोलायनांत पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याचें जानेवारी १९१३ मध्यें बाहेर आलें, आणि त्याचीं पदकें काढून घेण्यांत आलीं. वस्तुतः तक्रारीची तीस दिवसांची मुदत केव्हांच टळली होती. वॉर्नरनें आपणांस कांहींच ठाऊक नव्हतें असें सांगितलें. तें खरें मानणें आम्हांस तरी कठीण वाटतें. १९५३ सालीं थॉर्प वारला. पदकें परत देण्याचें १९८२ मध्यें ठरलें. एकमेव विजेता म्हणून त्याचें नांव २०२२ मध्यें पुन्हा नोंदलें गेलें.

वॉर्नरविषयींचा दुसरा पुरावा अधिक मोलाचा आहे. १९१४ सालीं अमेरिकन काँग्रेसच्या समितीनें कार्लाईलची चौकशी केली. हंगामांत संघाची सूत्रें मैदानावर हलविणारा गस वेल्श हाच विद्यार्थ्यांच्या तक्रारीच्या अर्जामागें होता. खेळाच्या निधींतून खेळाडूंस दिलेला पैसा, वॉर्नरची शिवराळ भाषा, एका मुलीस झालेली मारहाण, हें सर्व जबान्यांत आलें. शाळेचा अधिकारी फ्रीडमन यास जावें लागलें. वॉर्नरहि पिट्सबर्गास निघून गेला. त्या जबान्या छापून प्रसिद्ध झालेल्या आहेत. सामन्यापूर्वीं वॉर्नरनें या मुलांस पूर्वजांच्या रक्ताची आठवण देणारें भाषण केलें, असें उत्तरकालीन आठवणींत वाचावयास मिळतें. तें ज्यांस खरें मानावयाचें असेल, त्यांनीं आधीं त्या मुलांच्या जबान्या वाचाव्या.