एका गाडीचा मालक

घर बदलायचे असो, गणपती आणायचा असो की शेतातला टोमॅटो मार्केट यार्डात पोचवायचा असो, आपल्याकडे पहिला प्रश्न एकच असतो : टेम्पो सांगितला का? हा शब्द आता इतका मराठी झाला आहे, की ते मुळात एका जर्मन कारखान्याच्या गाडीचे नाव होते हे मुद्दाम सांगावे लागते. स्वतःची एकच गाडी घेऊन भाडी मारायला निघालेल्या माणसाचा इतिहास या शब्दाच्या प्रवासाशी जोडलेला आहे.

१९२८ साली जर्मनीत एक नियम झाला. चारपेक्षा कमी चाके आणि २०० सीसीच्या आतले इंजिन असेल, तर गाडी चालवायला परवाना नको आणि वाहनकरही नको. लहान दुकानदारांना, फेरीवाल्यांना मोटार एकदम आवाक्यात वाटू लागली. हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीच्या 'टेम्पो' या तीनचाकी गाड्या याच गिऱ्हाइकांवर वाढल्या. म्हणजे टेम्पोच्या जन्माशीच ही गोष्ट होती : कायद्याने उंबरठा खाली केला आणि लहान माणूस धंद्यात आला.

त्याच सुमारास आपल्याकडे मात्र उंबरठा उंच होत होता. मोटारी रेल्वेची भाडी पळवतात, अशी सरकारला चिंता होती. १९३२-३३ मध्ये मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांनी या स्पर्धेची पाहणी केली आणि पुढे १९३९चा मोटार वाहन कायदा आला. भाड्याने माल नेण्यासाठी परमिट हवे, आणि ते देताना आधीची वाहतूक पुरेशी आहे का हे प्रादेशिक प्राधिकरणाने पाहावे, अशी त्यात सोय होती. धंद्यात आधीपासून असलेल्यांना नव्या अर्जावर हरकतही घेता येई. दागिने मोडून गाडीचे पैसे उभे केले, तरी परमिटाची वाट पाहावी लागे. जुन्या ट्रकांवर 'पब्लिक कॅरिअर' अशी ठळक अक्षरे असत. ती या परमिटाचीच खूण होती.

स्वातंत्र्यानंतर, १९५८ मध्ये, नवलमल फिरोदिया यांनी जर्मन कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो सुरू केली. हॅन्सिट ही तीनचाकी शहरांच्या गल्लीबोळांत शिरली. जिथे ट्रक वळत नाही आणि हातगाडी पुरत नाही, तिथले काम तिने उचलले. पुढे मॅटाडोर आली. २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. पण लोकांच्या तोंडी टेम्पो राहिला तो राहिलाच. आज कोणत्याही कंपनीची गाडी उभी असली तरी आपण तिला टेम्पोच म्हणतो.

खरे दार उघडले ते १९८८च्या नव्या कायद्याने. १ जुलै १९८९पासून तो लागू झाला. परमिटाचा अर्ज सहसा नाकारू नये, असे त्यात लिहिले गेले. शिवाय गाडी आणि माल मिळून ज्यांचे वजन ३००० किलोंपर्यंत आहे, अशा मालवाहू गाड्यांना या कायद्याखाली परमिटच लागत नाही. पुढे मे २००५ मध्ये टाटांची 'एस' आली. दोन सिलिंडरांचे ७०२ सीसीचे डिझेल इंजिन, पाऊण टन माल नेण्याची ताकद. लोकांनी तिचे बारसे 'छोटा हाथी' असे केले. काल दुसऱ्याची गाडी चालवणारा ड्रायव्हर कर्ज काढून मालक होऊ लागला.

पण दार उघडे असणे आणि आत टिकून राहणे यांत अंतर आहे. या धंद्याचे गणित एका वाक्यात सांगता येते : भाडे एका बाजूचे, डिझेल दोन्ही बाजूंचे. परतीचा माल मिळाला तर चार पैसे सुटतात, नाहीतर रिकामी फेरी जातानाची कमाई खाऊन टाकते. हप्ता, विमा, फिटनेस आणि टायर यांना मंदी कळत नाही. म्हणून नवा मालक जादा माल भरायला तयार होतो, आणि वाचलेले पैसे पाटे आणि ब्रेक वसूल करतात. दार सर्वांना उघडे असल्यामुळे स्टँडवर गाड्याही वाढतात, आणि भाडे ठरवणे गिऱ्हाइकाच्या हाती जाते.

याहून मोठा धोका कागदात होता. हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस हलके मालवाहू वाहन चालवू शकतो का, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. अपघात झाला की परवान्यावर वेगळी नोंद नाही म्हणून विमा कंपन्या जबाबदारी नाकारत. भरपाई मालकाच्या गळ्यात पडली, तर एका गाडीच्या मालकाजवळ विकायला ती गाडीच असते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा चालकांच्या बाजूने निकाल दिला. पुन्हा शंका निघाली. शेवटी ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ७५०० किलोंपर्यंतच्या वाहनांसाठी हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा असल्याचे स्पष्ट केले.

जर्मनीतले २०० सीसी, आपल्याकडचे ३००० किलो आणि नंतरचे ७५०० किलो. हे आकडे रुक्ष दिसतात. पण कोण आयुष्यभर दुसऱ्याचा ड्रायव्हर राहील आणि कोण मालक होईल, हे त्यांनी अनेकदा ठरवले आहे. पुढच्या वेळी टेम्पो सांगताना भाड्यात घासाघीस जरूर करावी. मात्र परतीच्या रिकाम्या फेरीचे डिझेलही त्याच भाड्यातून निघायचे आहे, हे ध्यानात असू द्यावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)