पाळीव विंचवाचा इतिहास

आमच्या महाड भागात विंचू दिसला की हात आधी चपलेकडे जातो. तो पाळायचा म्हटलं तर घरातले वेड्यात काढतील. युरोप-अमेरिकेत मात्र नवख्याने पहिला विंचू कोणता घ्यावा, याचं उत्तर कित्येक वर्षं ठरलेलं होतं: पश्चिम आफ्रिकेचा एम्परर. जवळपास वीतभर लांब, काळाकुळकुळीत, आपल्या इंगळीचाच थोरला भाऊ. चिमटे जाडजूड, नांगीचं विष सौम्य. भक्ष्य चिमट्यानेच चिरडतो, त्यामुळे नांगी क्वचितच उगारतो. अंधारात अतिनील दिवा धरला की हिरवट-निळा चमकतो. गिऱ्हाईक तिथेच फसतं!

घाना, टोगो, बेनिनमधून हे विंचू बिळांतून उकरून परदेशी पाठवले जात. मादी थेट पिल्लं देते, पण त्यासाठी महिनोन् महिने जातात, आणि पिल्लं मोठी व्हायला वर्षं लागतात. उपसा भरून यायचा कसा? अखेर 1995 मध्ये साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचं नाव गेलं आणि निर्यातीला परवाना लागू लागला. मग दुकानांत आशियाई रानविंचू, म्हणजे इंगळीचेच भाऊबंद, जास्त दिसू लागले. ते जरा तापट.

आमचा लाल विंचू मात्र कुणीही हौसेने घेऊ नये. चण लहान, चिमटे बारीक, विष हृदयावर बेतणारं. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडच्या परिसरातच प्राझोसिन हे औषध वापरून दंशाचे रुग्ण वाचवले; 1986 मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आलं.