क्राकाटोआ: चार तास उशिरा पोचलेला आवाज

मुंबईत बार उडाला आणि तो इस्तंबूलला ऐकू आला, असं कोणी सांगितलं तर आपण काय म्हणू? "फेकतोय!" पण अंतराच्या हिशोबात अगदी असंच एकदा घडलंय.

२७ ऑगस्ट १८८३. हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज या चिमुकल्या बेटावर जेम्स वॉलिस नावाचे पोलीसप्रमुख होते. पूर्वेकडून लांबवर तोफा डागल्यासारखे आवाज आल्याची त्यांनी नोंद करून ठेवली. तोफा वगैरे काही नव्हत्या. जवळजवळ ४८०० किलोमीटरवर, जावा आणि सुमात्राच्या मधल्या सुंदा सामुद्रधुनीत, क्राकाटोआ बेट फुटलं होतं. आणि तेही साधारण चार तास आधी! म्हणजे ताशी १२०० किलोमीटर. आवाजाचा वेग, गणित चोख जमतं. (हॉलिवूडने १९६८ साली यावर सिनेमा काढला आणि नावातच बेटाला जावाच्या पूर्वेला टाकलं. ते पश्चिमेला आहे. असो.)

खरं तर ज्वालामुखी मे महिन्यापासूनच धुमसत होता. लोक बोटीने बघायलाही जाऊन आले होते. २७ तारखेला सकाळी दहाच्या सुमारास सगळ्यात मोठा स्फोट झाला, आतली पोकळी ढासळली आणि बेटाचा दोनतृतीयांश भाग समुद्रात गेला.

पण माणसं मेली ती मुख्यतः पाण्याने. तापलेली राख आणि दगडांचे लोट समुद्रात घुसले, पाणी बाजूला ढकललं गेलं आणि काही ठिकाणी ३० मीटरहून उंच लाटा किनाऱ्यावर आल्या. दहा मजली इमारत डोळ्यांसमोर आणा. 'बेराऊ' नावाची डच युद्धनौका उचलून दोनएक किलोमीटर आत जंगलात नेऊन टाकली. अधिकृत आकडा ३६,४१७ मृतांचा. अंजेर बंदरात तारऑफिस होतं, जगाशी जोडलेलं. पण तार आधी तुटली, आणि मग गावच उरलं नाही.

त्या लाटेचं शेपूट आपल्याकडेही आलं होतं. बांद्र्याला समुद्र अचानक झपाट्याने मागे हटला, मासे कोरड्यावर तडफडत राहिले आणि कोळ्यांनी ते आरामात गोळा केले, अशी बातमी तेव्हा मुंबईच्या पेपरात आली होती. फुकटची मासळी! ती कुठून आली हे त्या वेळी तिथे कोणाला कळणार? आता बँडस्टँडला गेलो की मला हेच आठवतं.

हवेतली दाबाची लाट तर पृथ्वीभोवती अनेक वेळा फिरली. जगभरच्या वायुभारमापकांवर पुढचे काही दिवस तिचे ठोके उमटत होते. वर गेलेल्या गंधकाच्या वायूने सूर्यप्रकाश अडवला, जग थोडं थंड झालं. मद्रासकडे सप्टेंबरात सूर्य हिरवा दिसला. नोव्हेंबरात अमेरिकेत संध्याकाळचं आकाश इतकं लाल झालं की लोकांनी आग लागली समजून बंब बोलावले. होनोलुलूच्या सेरेनो बिशप यांनी अशा नोंदी जुळवून, वर हवेचा एक वेगवान प्रवाह धूळ पश्चिमेला वाहून नेतोय, असं अनुमान काढलं. उपग्रह नाही, फुगे नाहीत, नुसत्या तारखा आणि नकाशा. आपल्यासारख्या लॉग फाइल वाचणाऱ्यांना याचं भारी कौतुक वाटतं.

१९२७ साली त्याच जागी पाण्यातून नवा ज्वालामुखी वर आला. नाव ठेवलं अनाक क्राकाटाऊ, म्हणजे क्राकाटोआचं पोर. २२ डिसेंबर २०१८च्या रात्री या पोराची एक बाजू समुद्रात घसरली. किनाऱ्यावर एका रॉक बँडचा कार्यक्रम रंगात आला होता, लाट स्टेजच्या मागून आली. चारशेहून जास्त माणसं गेली. इंडोनेशियाची त्सुनामी इशारा यंत्रणा होती, चालूही होती. पण ती भूकंपाची वाट बघणारी. इथे मोठा भूकंप झालाच नाही, डोंगर घसरला. इनपुटच आलं नाही, मग अलार्म कसला वाजणार?

३३८ मीटर उंचीचं ते पोर त्या पडझडीनंतर ११० मीटरच्या आसपास राहिलं. त्यानंतरही त्याचे उद्रेक चालूच राहिलेत.