शेपटी कापलेला कोट

गेल्या हिवाळ्यात न्यू जर्सीहून माझ्या भाच्याचा फोन आला. तो तिकडे नोकरीला आहे. लग्न ठरलं होतं. निकाह इथे मिरजेत, दुपारी. आणि महिन्याभराने तिकडच्या दोस्तमंडळींसाठी संध्याकाळची दावत. म्हणाला, "मामू, मी टक्सेडो विकत घेतोय. अगदी क्लासिक. निकाहलाही तोच घालणार. तेवढं अम्मीला तुम्ही सांगा."

हे सांगणं सोपं नव्हतं. आमचे अब्बा शिंपी होते. चाळीस वर्षं त्यांनी मिरजेत शेरवान्या शिवल्या. माझ्या लग्नातली शेरवानी त्यांच्याच हातची. त्यांच्या थोरल्या नातवाने काळा कोट आणि गळ्यात बो लावून काझींसमोर बसायचं, हे आपाला पटणारं नव्हतं. ऐकल्याबरोबर तिने डोळ्याला पदर लावला. "लोक विचारतील, यातला नवरदेव कोणता आणि वेटर कोणता? तू बी.ए. झालास, कविता लिहितोस. तूच समजाव त्याला."

समजवायचं तर आधी आपल्याला माहिती हवी. म्हणून त्या कोटाची कुळकथा शोधत बसलो.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज सरदारांच्या घरी रात्रीचं जेवण म्हणजे मोठा सोहळा असे. पुरुषांनी मागे दोन लांब शेपट्या असलेला कोट घालूनच टेबलाशी बसायचं, असा रिवाज. लंडनच्या सॅव्हिल रो या गल्लीत हेन्री पूल नावाची शिंप्यांची जुनी पेढी आहे. ती पेढी सांगते की 1865 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राने, सँड्रिंगहॅमच्या घरगुती जेवणांसाठी निळ्या रेशमाचा एक आखूड कोट शिवून घेतला. शेपट्या गेल्या. माणूस खुर्चीत ऐसपैस बसू लागला.

पुढची गोष्ट अमेरिकेतली. 1886 मध्ये पिअर लोरिलार्ड या तंबाखूच्या धनाढ्य व्यापाऱ्याने न्यूयॉर्कच्या उत्तरेला, रानात, श्रीमंतांसाठी टक्सेडो पार्क नावाची वसाहत आणि क्लब उभा केला. 'टक्सेडो' हा शब्द तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेला. त्याच वर्षी शरदात क्लबचा नाच झाला. त्या रात्री लोरिलार्डचा मुलगा ग्रिसवोल्ड आणि त्याचे मित्र शेपटी नसलेले कोट घालून आले आणि वडीलधाऱ्यांच्या भुवया चढल्या, असं सांगतात. दुसरे काही जण हे श्रेय क्लबच्याच आणखी एका सभासदाला देतात. त्याने म्हणे ही तऱ्हा थेट राजपुत्राकडून आणली. वाद काहीही असो, त्या जागेचं नाव कोटाला कायमचं चिकटलं. ते अमेरिकेत. इंग्लंडात त्याला आजही डिनर जॅकेट म्हणतात आणि फ्रान्स-जर्मनीत स्मोकिंग.

इथवर आलो आणि हसूच आलं. निघालो होतो भाच्याला वडीलधाऱ्यांचा मान शिकवायला, आणि हाती लागली ती एका पोराने बापाच्या क्लबात केलेली खोडी!

मग मनात आलं, आपली शेरवानी तरी किती जुनी? मुघलांच्या दरबारात होता तो जामा. त्यामागून अंगरखा, बंदांनी बांधायचा. समोर सरळ बटणांची रांग, उभी कॉलर आणि अंगाबरोबर बेतलेला खांदा अशी शेरवानी घडली ती एकोणिसाव्या शतकात, साहेबाच्या फ्रॉक कोटाची सावली पडल्यावर. हैदराबादने आणि अलीगढने तिला थोरपण दिलं. अब्बांना हे पुस्तकातून कळलं नव्हतं, कात्रीतून कळलं होतं. ते म्हणायचे, "शेरवानीचा खांदा कोटाचा, घेर आपला."

आणि उलट दिशेनेही देणं आहेच. टक्सेडोबरोबर कमरेला जो चुण्यांचा रुंद पट्टा बांधतात, त्याचं इंग्रजी नाव 'कमरबंड'. हा आपला फारसी-हिंदुस्तानी कमरबंद! हिंदुस्थानातल्या उकाड्यात गोऱ्या अंमलदारांना कोटाखालचं जाकीट सोसेना, तेव्हा त्यांनी इथल्यासारखं कमरेला कापड गुंडाळलं. तेच पुढे विलायतेला गेलं आणि जेवणाच्या टेबलाशी मानाने बसलं. कपड्याला गाव विचारायला गेलं, तर तो चार गावांची नावं सांगतो.

एवढं वाचल्यावर भाच्याला फोन लावला. म्हटलं, "टक्सेडो जरूर घे. पण तुला क्लासिक हवा ना? मग त्याचा कायदाही पाळ. हा संध्याकाळचा पोशाख. जुन्या रिवाजाप्रमाणे सहाच्या आत तो अंगावर चढवत नाहीत. दिवसाच्या लग्नाला खुद्द इंग्रजही दुसराच कोट घालतो."

"इथे दुपारीसुद्धा घालतात, मामू."

"घालू देत. तू क्लासिक म्हणालास."

तो हसला. निकाहचा प्रश्न टक्सेडोच्याच कायद्याने मिटला होता.

मग शिंप्याचा मुलगा म्हणून चार गोष्टी सांगितल्या. पहिल्यांदा खांदा बघ. बाही आणि कंबर नंतर दुरुस्त होते, खांदा होत नाही. समोर एकच बटण असावं. लेपल टोकदार किंवा शालीसारखी गोल घे. शर्टाचा कफ बाहीबाहेर अर्धा इंच दिसू दे. पँटला बाजूने एक पट्टी, खाली दुमड नको, पट्ट्याचे लूपही नकोत. रंग काळा, नाहीतर मध्यरात्रीचा गडद निळा. दिव्याखाली तो काळ्याहून काळा दिसतो. विसाव्या शतकात ड्यूक ऑफ विंडसरने तो रंग मिरवला. चकाकत्या लेपलवर पूर्वी रेशीम असे. आपाने तेवढ्यात मागून विचारलंच, "पुरुषाला रेशीम कसं चालेल?" त्याला म्हटलं, दुकानात विचारून घे, हल्ली बहुतेक कृत्रिम धाग्याचंच असतं.

निकाहला तो माझी शेरवानी घालून बसला. पोरगा माझ्याहून छातीत रुंद. पण अब्बांनी शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना कापड सोडून ठेवलं होतं. गल्लीतल्या मास्टरने टाके उसवले, तेव्हा आत दबलेली ती पट्टी नवी कोरी निघाली. बाहेरचं कापड तेवढं विटलं होतं. आपा बराच वेळ त्या पट्टीवरून हात फिरवत राहिली.

परतताना भाचा अब्बांची चांदीची बटणं मागून घेऊन गेला. टक्सेडोच्या शर्टाला शिवलेली बटणं नसतात, काजात सुटी बसवतात. दावतीचा फोटो आला, त्यात आपाने आधी तीच शोधली. मग म्हणाली, "वेटर नाही वाटत."

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)