मीरा, एट हंड्रेड आणि उडालेलं पॅकिंग

मी कोड लिहून पोट भरतो, मिस्त्री नाही, हे आधीच सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मी आणि मित्रानं जुनी मारुती एट हंड्रेड घेतली. तिला पळवायची होती. लॅपटॉपवर तक्ता केला: एट हंड्रेडचं बोअर ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक ७२. वॅगन आरच्या १०६१ सीसी इंजिनाचंही अगदी तेच! एका सिलिंडरला २६५ सीसी. तीन असले की ७९६, चार असले की १०६१. मला वाटलं, झालं की, ह्याचा पार्ट त्याला. पण बोअर जुळलं म्हणून पिस्टनचा माथा, पिनची उंची, हेडमधली पोकळी जुळतेच असं नाही. आम्ही मापं न घेता पिस्टन बदलले, वर हेड फेसिंगही करून घेतलं. समजा कॉम्प्रेशन ९ आहे, तर वरची पोकळी ३३ सीसी. त्यातली फक्त ३ सीसी गेली की कॉम्प्रेशन ९.८ च्या घरात. पन्हाळ्याच्या चढाला इंजिन ठोकायला लागलं आणि वाघबीळला पॅकिंग उडालं. गाडी टोचन करून खाली आणली.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी हेड उघडलं, बघितलं आणि म्हणाले, "इचलकरंजीच्या कुलकर्ण्यांकडं कुठं तक्ता होता?"

ते बोलत होते शंकरराव कुलकर्ण्यांबद्दल. शिक्षण सातवीपर्यंत. १९४५ च्या सुमारास छोट्या गाडीच्या मागं लागले, १९४९ ला पहिली मीरा उभी केली आणि १९७० पर्यंत एकामागून एक मॉडेल करत राहिले. इंजिन मागं, स्प्रिंगच्या जागी रबराचं सस्पेन्शन. आधी हवेनं थंड होणारं इंजिन होतं. पुढं दोन सिलिंडरचं, पाण्यानं थंड होणारं घेतलं. म्हणजे हा माणूस पार्ट नुसता जोडत नव्हता, चालवून बघून मोडीत काढत होता. एकवीस वर्षं! मला चार रविवार दम निघाला नाही.

किंमत बारा हजारांच्या आसपास ठेवायची होती. पण गाड्या बनवायला तेव्हा सरकारी परवाना लागायचा, आणि मीरा कारखान्यातून कधीच बाहेर पडली नाही. डिसेंबर १९८३ मध्ये सुझुकीचं तंत्रज्ञान घेऊन मारुती आली. मीराला 'नॅनोची आजी' म्हणतात ते मला फारसं पटत नाही. मागं दोन सिलिंडरचं इंजिन दोघींनाही, खरं. पण नॅनो दिसली २००८ ला, आणि तिच्यामागं टाटा होते.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आज शिरोलीत पिस्टन होतात, गोकुळ शिरगावात बेअरिंग होतात, फाउंड्र्या तर विचारूच नका. कुलकर्ण्यांना एवढं शेजारी मिळालं असतं तर?

आमची एट हंड्रेड आता परत कंपनीच्याच मापावर आहे. मिस्त्रींनी नवं हेड बसवायच्या आधी पोकळीत तेल सोडून सीसी मोजले, तीनही सिलिंडरचे, आणि आकडे मला माझ्याच वहीत लिहायला लावले.